नकाशातला हिरवा म्हणजे पाणी नव्हे

जुलैत माण तालुक्यातल्या दहिवडीहून मामांचा फोन. "सातारा जिल्हा हिरवागार दाखवलाय बघ नकाशात. कुठला हिरवा? आमच्या हिरीचा तळ दिसतोय अजून." हवामान खात्याचा पावसाचा नकाशा त्यांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर धाडला होता. मामांची चूक नाही. नकाशाच्या कोपऱ्यातली सूची मोबाइलवर मुंगीएवढी दिसते, आणि सगळी गोम तिथेच असते.

त्या सूचीत किती मिलिमीटर पडला हे नसतंच. सरासरीपेक्षा किती टक्के कमी-जास्त, एवढंच असतं. उणे 19 ते अधिक 19 टक्के म्हणजे 'सामान्य', रंग हिरवा. उणे 20 ते उणे 59 म्हणजे तूट, रंग लाल. त्याहून वाईट असेल तर पिवळा! लालपेक्षा पिवळा वाईट, हे सूची न वाचता कुणाच्या डोक्यात येणार?

आता हाच नियम तालुक्यांना लावून बघू. माणची वर्षाची सरासरी 500 मिलिमीटर धरली, तर 410 पडला तरी हिरवा आणि 395 पडला की लाल. फरक 15 मिलिमीटरचा. उलट महाबळेश्वरची सरासरी साडेपाच हजार धरा. तिथे चार हजार कोसळला तरी उणे 27 टक्के, म्हणजे लाल. माणच्या आठपट पडूनही तूट.

प्रशासकीय हद्दीत एकच रंग भरायच्या या पद्धतीला नववीच्या भूगोलात 'क्षेत्रघनी' म्हणतात. वाचायला सोपी, पण हद्दीच्या आतलं सगळं सपाट करून टाकते. जिल्ह्याच्या आकड्यात पाटणची झोड आणि म्हसवडचा शिडकावा एकत्र कालवलेले असतात. तालुका घेतला तरी सुटका नाही. पाचगणी महाबळेश्वर तालुक्यातच, अंतर जेमतेम 20 किलोमीटर. पण घाटमाथा ओलांडून ढग तिथवर येईतो हलके झालेले असतात आणि पाऊस निम्म्याहूनही कमी.

'सममूल्य' पद्धत हद्द मानत नाही. सारखा पाऊस पडणारी ठिकाणं रेषेनं जोडायची. घाटमाथ्याजवळ या रेषा एकमेकींना खेटून येतात, पूर्वेला माण-खटावकडे विरळ होतात. मला हाच नकाशा जास्त प्रामाणिक वाटतो. मात्र दोन पर्जन्यमापकांच्या मधली रेष अंदाजानंच ओढलेली असते, हेही खरं.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण ही सरासरी धरली कुठनं कुठवर?"

"1971 ते 2020, मामा. पन्नास वर्षांची."

"म्हंजे बहात्तरचा दुष्काळ बी त्यातच आला की रे!"