3995 मिलिमीटर

‘या गाडीची डिक्की मागून कापल्यासारखी दिसते. कंपनीने पत्रा वाचवला, दुसरं काय!’ नवी गाडी बघायला जमलेल्या घोळक्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण पत्र्याचा इथे फारसा संबंध नाही. त्या डिक्कीवर कात्री चालवली ती 2006 सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने.

त्या वर्षी लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं गेलं. लहान कोणाला म्हणायचं तेही ठरवलं: लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर 1500 सीसीपर्यंत. 2008 साली टाटा मोटर्सने आपली इंडिगो आखूड करून 4 मीटरच्या आत बसवली आणि तिला ‘इंडिगो सीएस’ म्हटलं. मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर 4160 मिमी लांब होती, डिक्की 440 लिटरची. 2012 साली आली ती 3995 मिमीची, डिक्की 316 लिटरची. आज नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, कोणाचीही लांबी बघा: 3995. चार वेगवेगळ्या गाड्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात, तेव्हा तो आकडा कोणा चित्रकाराच्या मनातून आलेला नसतो.

आता हिशेब बघू. 22 सप्टेंबर 2025 पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर जीएसटी 18 टक्के आहे, न बसणाऱ्या गाडीवर 40 टक्के. करापूर्वी 7 लाखांची गाडी एका बाजूला 8 लाख 26 हजारांना पडते, दुसऱ्या बाजूला 9 लाख 80 हजारांना. फरक 1 लाख 54 हजारांचा, आणि तो एका मिलिमीटरनेही पडू शकतो. कर उतारासारखा हळूहळू वाढला असता, तर लांबी थोडी वाढल्यावर किंमतही थोडीच वाढली असती. इथे उतार नाही, पायरी आहे. पायरी असली की सगळे तिच्या काठाशी येऊन उभे राहतात.

मला खरा आनंद मिळतो तो इंजिनात. सीसी म्हणजे पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा व्यापतो तिचं घनफळ. शाळेतलं सूत्र, πr²h. मारुतीच्या स्विफ्टमध्ये वर्षानुवर्षं असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 73 मिमी आणि पिस्टनची धाव 71.5 मिमी. त्रिज्या 3.65 सेंमी, तिचा वर्ग 13.32, गुणिले π, गुणिले 7.15: साधारण 299 घन सेंमी. चार सिलिंडरांचे झाले 1197. आता पिस्टनची धाव फक्त एक मिलिमीटरने वाढवा. बेरीज 1213 च्या पुढे जाते, म्हणजे गाडी 40 टक्क्यांत! पुढे याच गाडीत तीन सिलिंडरचं नवं इंजिन आलं. आतली सगळी मापं बदलली, सीसी मात्र 1197 च राहिले.

कायदा घनफळ मोजतो, त्या घनफळात किती हवा कोंबली ते मोजत नाही. टर्बोचार्जर नेमकं हेच करतो. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते आणि ती आत येणारी हवा दाबते. तापमान तेवढंच राखून दाब दीडपट केला, तर तेवढ्याच जागेत दीडपट ऑक्सिजन मावतो आणि दीडपट पेट्रोल जळू शकतं. (दाबताना हवा तापते आणि विरळ होऊ पाहते, म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर लागतो.) सीसी तेवढेच, ताकद मोठ्या इंजिनाची. हे तंत्र जगभर इंधन वाचवण्यासाठी वापरतात. आपल्याकडे त्याला कराचंही बळ मिळालं.

उलट बाजूही आहे. पेट्रोलची ब्रेझा 3995 मिमीतच बसते, पण तिचं इंजिन 1462 सीसीचं. त्यामुळे एक अट पाळूनही ती 40 टक्क्यांत जाते.

‘चार मीटरची गाडी म्हणजे असुरक्षित’ ही समजूतही सोडायला हवी. 2018 साली गाड्या धडकवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन होती, चार मीटरच्या आतलीच. सांगाड्याची रचना, पट्टे आणि एअरबॅग जीव वाचवतात. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडण्याने यातलं काहीच बदलत नाही. त्याच वेळी मागच्या सीटचे पट्टे ओढून बघितले तर उपयोग होईल.

जपानमध्ये ‘केई’ मोटारींना 3.4 मीटर आणि 660 सीसीची मर्यादा आहे, आणि तिथेही गाड्या 3395 मिमीवर येऊन थांबल्या आहेत. ब्रिटनने 2001 ते 2017 या काळात नव्या गाड्यांचा वार्षिक कर दर किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो यावर बांधला. माझ्या मते हे अधिक बरोबर होतं, कारण जे कमी व्हायला हवं तेच तिथे मोजलं गेलं. तिथेही टप्पे होतेच, पण काठाशी यायचं तर धूर कमी करूनच यावं लागायचं, डिक्की छाटून नव्हे.

आपल्याकडे विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्याला लांबीची अट नाही. चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई 6 चार मीटरच्या चांगलीच पुढे गेली आहे. तिची डिक्की आखूड करायला कोणी सांगितलेलं नाही.