फियाट पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी, लोकांच्या तोंडी नुसती 'फियाट', ही मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीत बनलेली चार दारांची छोटी मोटार. मूळ डिझाइन इटलीच्या फियाट ११०० चं. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, चित्तोडच्या राणीवरून ठेवलेलं, पण मराठी माणसानं ते नाव फक्त आरसी बुकात वाचलं, बोलताना शेवटपर्यंत 'आमची फियाट'च म्हटलं. भारतात जुन्या गाड्यांचं वेड म्हटलं की राजेमहाराजांच्या रोल्स रॉइस आणि रॅलीतल्या चकचकीत ब्युइक डोळ्यांसमोर येतात, आणि त्या सुंदर आहेतच, पण जुन्या गाडीवर जीव का जडतो हे समजून घ्यायला फियाटच बघावी लागते, कारण ती चाळीतल्या माणसानं टॅक्सी म्हणून वापरली, डॉक्टरांनी व्हिजिटला नेली, आणि बँकेतल्या साहेबांनी पंधरा-वीस वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली.

कारखाना सुरू केला वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा हा माणूस, जहाजं, विमानं, साखर, जिथे जिथे इंग्रज म्हणायचे की तुम्हाला जमणार नाही तिथे तिथे जाऊन उभा राहिला. बंगलोरचा विमान कारखाना त्यांचाच, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच. प्रीमियर कंपनी १९४४ ची. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबर करार होता, डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या आणि ट्रक जोडायचे. मग फियाटशी करार झाला आणि १९५१ पासून पिटुकली फियाट ५०० इथे जोडली जायला लागली, १९५४ ला ११०० आली. हिला इटालियनमध्ये मिलेचेंतो म्हणतात, म्हणजे अकराशे. आपल्याकडे मात्र त्या गोल नाकाच्या, बुटक्या, फुगीर अंगाच्या मॉडेलचं नाव पडलं 'डुक्कर फियाट', आणि आजही गॅरेजात कुणी 'डुक्कर आहे का?' असं विचारलं तर कुठल्या गाडीबद्दल चाललंय हे सगळ्यांना कळतं. त्या डुक्कर फियाटची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागे आणि हँडल पुढे, त्यामुळे नऊवारीतली आजी आत बसायची ती पाय आधी न टाकता सरळ मागे टेकून, खुर्चीत बसल्यासारखी.

१९६४ ला ११०० डी आली, आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं थोडेफार फेरफार सोडले तर तीच गाडी बनत राहिली. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटबरोबरचा करार संपल्यावर काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट असं नाव होतं, मग पद्मिनी. इटलीत ही गाडी १९६९ मध्येच इतिहासजमा झाली, आपल्याकडे ती शतक संपेपर्यंत चालली.

त्याचं कारण लायसन्स राज. कुठल्या कंपनीनं वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, बाहेरून गाडी आणणं जवळजवळ अशक्य, आणि निवड करायची ती अॅम्बॅसॅडर, फियाट आणि स्टँडर्ड या तिघांत. गाडीला नंबर लावायचा आणि वाट बघायची, वर्षानुवर्षं. पोरगा पाचवीत असताना नंबर लावला आणि गाडी आली तेव्हा तो मॅट्रिक झाला होता अशी घरं होती, आणि हातात आलेली नवी गाडी तशीच्या तशी विकली तर कंपनीच्या भावापेक्षा जास्त पैसे मिळायचे, कारण घेणाऱ्याची वाट बघायची वर्षं वाचायची. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ ला फियाट घेतली, किंमत १२,००० रुपये, आणि तेवढे पैसे जवळ नव्हते म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० चं कर्ज काढलं. ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं, ते त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. देशाच्या पंतप्रधानाला कर्ज काढून घ्यावी लागली ती गाडी साध्या कारकुनाला किती मोठी वाटत असेल! म्हणूनच ती आली की सोसायटीत पेढे वाटले जायचे, दसऱ्याला धुऊन पुसून झेंडूची माळ, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, हे सगळं मनापासून व्हायचं.

आता गाडी प्रत्यक्ष कशी होती. इंजिन पुढे, चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि ती ताकद जायची मागच्या चाकांना. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन दिलं होतं, आपण मात्र जुन्याच १०८९ ला चिकटून राहिलो. धक्के झेलायला पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, १४ इंची चाकं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे गाडी अॅम्बॅसॅडरपेक्षा चांगलीच आखूड, आणि मुंबईच्या गल्ल्यांत हीच गोष्ट कामाला आली. कलकत्त्यानं टॅक्सीला अॅम्बॅसॅडर घेतली, मुंबईनं फियाट. गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या बुडाशी डाव्या हाताला, आत-बाहेर आणि वर-खाली असा हलवायचा, आणि त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी, म्हणजे ड्रायव्हर, बाजूला बाबा, मधे एक पोरगं, आणि मागे आई, आत्या, दोन भावंडं, खाली पायाशी डबे आणि पाण्याची फिरकीची बाटली, अशी वरात अलिबागला किंवा कुलदैवताला निघायची. शेवटच्या वर्षांत खाली गिअर असलेलं मॉडेल आलं, १३७ डी नावाची डिझेलवालीही आली, पण जुन्या माणसांना स्टिअरिंगवरचा गिअर नसेल तर ती फियाट वाटतच नाही, आणि मला त्यांचं पटतं.

पुढच्या दाराला मोठ्या काचेच्या आधी एक छोटी तिकोनी काच असायची, आतून खिट्टी काढून ती हवी तशी तिरकी करायची. गाडीत एसी नाही, पंखा नाही, पण ती काच नेमक्या कोनात ठेवली की चालत्या गाडीतली हवा थेट छातीवर यायची. त्या खिट्टीचा क्रोम घासून पिवळा पडलेला असायचा आणि काचेखालचं रबर उन्हानं तडकलेलं, पावसात तिथून पाण्याची एक बारीक धार मांडीवर यायची, तर तिथे पिवळा फडका खोचून ठेवलेला असायचा. तो पिवळा फडका प्रत्येक फियाटमध्ये होता.

ही गाडी सांभाळायला हात काळे करावे लागायचे. सकाळी गार इंजिनाला चोक, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ, ओढायचा, सुरू झालं की हळूहळू परत आत सारायचा, घाई केली तर बंद पडणार, विसरलात तर पेट्रोलचा वास आणि काळा धूर. महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचे, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट साफ करायचे, कार्बोरेटरमधली जेट कचऱ्यानं बंद झाली की काढून तोंडानं फुंकायची. सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट घाटातली. पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला, मे महिन्यात दुपारी बोरघाट नाहीतर खंबाटकी चढताना इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ओढायला पेट्रोलच उरायचं नाही आणि गाडी गचके खात कडेला. उपाय एकच: बॉनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवायचा, दगड लावायचा चाकाला, आणि झाडाखाली बसून डबा उघडायचा. पंधरा-वीस मिनिटांत गाडी पुन्हा सुरू. घाटात पाच-सहा गाड्या अशा तोंड उघडून उभ्या, आणि अनोळखी कुटुंबं एकमेकांना लोणचं-पोळी देतायत, हे चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय वेगळं सांगणार!

माझ्या मते फियाटच्या ओढीचं मूळ इथेच आहे. गाडी खूप वेगवान नव्हती, खूप आरामाचीही नव्हती, पण बॉनेट उघडलं की आत काय आहे ते दिसायचं आणि कळायचं, कुठली नळी कुठून कुठे जाते हे बारावी नापास पोरगाही महिनाभरात शिकायचा, आणि पाना, पकड, स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर तालुक्याच्या गावातला मिस्त्री अख्खं इंजिन खाली उतरवून बोअर करून, रिंग-पिस्टन टाकून परत चढवायचा. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, आणि बिघाड काय ते लॅपटॉप जोडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. नव्या गाड्या सुरक्षित आहेत, धूर कमी टाकतात, हे खरंच आहे आणि त्यात वाद नाही, पण ज्या वस्तूत आपला हात गेलेला असतो तिच्याशी जे नातं होतं ते वेगळं.

आणि टॅक्सी. खाली काळी, वर पिवळी, टपावर कॅरिअर, डाव्या बाजूला बॉनेटच्या कोपऱ्यात बाहेर बसवलेला लोखंडी मीटर. ड्रायव्हर खिडकीतून डावीकडे वाकून त्याचं पातं फिरवायचा, 'मीटर टाकणं' हा शब्दप्रयोग तिथलाच. मीटरवर दिसणारा आकडा जुन्या दराचा असायचा, खरं भाडं कार्डावर बघून काढायचं. पुढे सीएनजी सक्तीचा झाला, डिकीत सिलिंडर बसला, मग बॅगा सगळ्या कॅरिअरवर दोरीनं बांधायच्या. दादर स्टेशनबाहेर कोकणातून आलेल्या माणसाच्या ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या अशा फियाटच्या डोक्यावर चढलेल्या असायच्या. आत छताला फुलाफुलांचं रेक्झिन, डॅशबोर्डवर गणपती किंवा साईबाबा किंवा ७८६, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटलं. फियाट एका दिवसात संपली नाही, पण नव्या घरांनी मारुती घेतली. प्रीमियरनं १९८५ ला ११८ एनई काढली, नंतर कल्याणजवळच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली, पण कंपनी सावरली नाही आणि पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव उरलंय. टॅक्सी अजून काही वर्षं चालल्या. मुंबईत टॅक्सीचं वय आधी २५ वर्षांवर आणि मग २० वर्षांवर आणलं गेलं; शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी मुंबईच्या रस्त्यावर कायद्यानं एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच्या दीड महिना आधीच बेस्टच्या जुन्या लाल डबलडेकर गेल्या होत्या. मुंबईकरांना एका पावसाळ्याच्या शेवटी दोन माणसं गेल्यासारखं झालं. एक तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवा अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या युनियननं केली होती, आणि ती अगदी रास्त होती.

खासगी फियाटवर अशी वयाची बंदी महाराष्ट्रात नाही. दिल्लीत १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणण्यावर निर्बंध आले; आपल्याकडे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओत तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी चालवायची. फक्त पासिंगची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून एकदम ५,००० वर गेली, हे जुन्या गाडीवाल्यांना जड गेलं, कारण फियाट ठेवणारे सगळेच काही पैसेवाले नसतात, बरेचसे रिटायर्ड मास्तर, बँकवाले, किंवा वडिलांची गाडी विकवत नाही म्हणून ठेवणारी पोरं असतात.

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात फार बदल न केलेली गाडी विंटेज धरली जाते. नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोचल्यात. कित्येक मालक मात्र विंटेज नोंदणी घेत नाहीत, गाडी रविवारी भाजी आणायला काढता आली नाही तर ती ठेवायची कशाला असं ते विचारतात.

फियाट पुन्हा उभी करायची तर इंजिनाची चिंता कमी, पत्र्याची जास्त. समुद्राच्या हवेनं दाराच्या खालची कड, पायाखालचा पत्रा आणि डिकीत स्पेअर व्हीलची जागा आधी सडते, वरून रंग चांगला दिसतो म्हणून फसू नये, आतला कार्पेट उचलून बोटानं दाबून बघावं, पत्रा कुरकुरला तर तिथे नवीन पत्रा वेल्ड करावा लागणार. कार्बोरेटर किट, ब्रेकचे वॉशर, क्लच प्लेट अजून मिळतात. मिळत नाही ती क्रोमची अस्सल ग्रिल, मागच्या दिव्यांच्या जुन्या काचा आणि स्टिअरिंगच्या मधलं बटण. त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार असं हिंडावं लागतं, आणि शेवटी एखाद्या बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवीकोरी ग्रिल सापडते. ती घरी आणून रॉकेलच्या बोळ्यानं पुसली की क्रोममध्ये पुसणाऱ्याचा चेहरा दिसतो.