सामायिक गरम पाण्यात गार पाणी कोठून येते?
(सोलर आणि हीट पंपाची सामायिक यंत्रणा वापरणाऱ्या गृहसंकुलांतील रहिवासी व व्यवस्थापन समित्यांसाठी माहितीपत्रक)

घरोघरचे गिझर बंद करून संपूर्ण संकुलाला गच्चीवरील एकाच यंत्रणेतून गरम पाणी देण्यास सुरुवात झाली की पहिल्या थंडीत, या यंत्रणा बसवून त्यांची देखभाल करणाऱ्या आमच्याकडे, एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. सकाळी पाणी कोमट येते, तेव्हा सोलर बिघडला असावा, असे रहिवाशांना वाटते. आमचा माणूस गच्चीवर जाऊन पाहतो, तेव्हा बऱ्याचदा टाकीवरील तापमापक ५५ ते ६० अंश दाखवत असतो. पाणी वर व्यवस्थित तापलेले असते, पण खाली येताना त्यात गार पाणी मिसळते आणि ते कोणत्या तरी सदनिकेच्या बाथरूममधून येत असते. पुण्यासारख्या शहरात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि हा दोष तेव्हाच जाणवतो. प्रत्यक्षात तो वर्षभर असतो.

गरम पाण्याची टाकी गच्चीवर असते आणि तिचे पाणी केवळ उंचीच्या जोरावर खाली येते. १० मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब मिळतो, त्यामुळे तळमजल्याला दाबाची अडचण नसते, परंतु सर्वांत वरच्या मजल्याला टाकी जेमतेम तीन-चार मीटर उंचीवर असल्याने पाव ते अर्धा किलोच दाब मिळतो. शॉवर नीट चालावा म्हणून तेथील रहिवासी प्रेशर पंप बसवून घेतात आणि प्लंबर तो फक्त गार पाण्याच्या लाइनवर बसवतो. एका बाजूला जोरदार गार पाणी आणि दुसऱ्या बाजूला कमी दाबाचे गरम पाणी अशी स्थिती झाल्यावर या दोहोंना भेटण्याची जागा मिळाली, की गार पाणी गरम लाइनमध्ये शिरते. ते तेथेच न थांबता सामायिक पाइपात उतरते आणि खालच्या मजल्यांवरील शेजाऱ्यांच्या नळाला येते.

ही भेटण्याची जागा बहुधा मिक्सर, म्हणजे गरम व गार पाणी एकत्र करणारा नळ, असते. बाथरूममध्ये हँडशॉवर किंवा जेट स्प्रे वापरून झाल्यावर पुष्कळजण टोकाची कळ सोडतात आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या तशाच उघड्या ठेवतात. पाणी बाहेर पडत नसल्याने नळ बंद आहे असा समज होतो, पण मिक्सरच्या आत गरम आणि गार या दोन्ही लाइन एकमेकींना थेट जोडलेल्या राहतात. म्हणून चाव्या मिक्सरवरच बंद कराव्यात, टोकाच्या कळीवर विसंबू नये, ही आमची सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

दुसरी जागा जुन्या गिझरची. पावसाळ्यासाठी गिझर ठेवून द्यावा असा सल्ला प्लंबर देतो, तो गैर नाही, मात्र अशा वेळी गिझरच्या इनलेटला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एका बाजूने सोलरची आणि दुसऱ्या बाजूने गार पाण्याची लाइन जोडली जाते. या जोडणीत एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा असायला हवा. प्रत्यक्षात गिझर सुरू करताना गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला जातो आणि सोलरचा बंद करायचा राहून जातो. यंत्रणेत हीट पंप असेल तर ढगाळ दिवसांतही पाणी तापते, कारण तो उष्णता सूर्याकडून नव्हे तर भोवतालच्या हवेतून घेतो. तेव्हा गिझरची ही जोडणी कायमची काढून टाकावी असे आम्ही सुचवतो.

दोष आपल्याच घरात आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येते. डक्टमध्ये (सर्व मजल्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) आपल्या सदनिकेकडे येणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा. बाथरूममधील मिक्सर वगैरे नेहमी जसे ठेवता तसेच राहू द्यावेत आणि स्वयंपाकघरातील किंवा बेसिनचा फक्त गरम नळ उघडावा. पाइपात साठलेले पाणी वाहून गेल्यावर नळ कोरडा पडायला हवा. तो वाहतच राहिला, तर ते पाणी आपल्याच घरातील गार लाइनमधून येत आहे, हे निश्चित समजावे. मग एकेक मिक्सर बंद करत गेल्यास दोषी मिक्सर सापडतो. आणखी एक खूण आहे : रात्री कोणीही नळ उघडलेला नसताना प्रेशर पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल किंवा गच्चीवर टाकीच्या एअर व्हेंटमधून (हवा जाण्याच्या नळीतून) पाणी सांडत असेल, तर कोठेतरी लाइन एकमेकींना मिळालेल्या आहेत.

एका मिक्सरने असा कितीसा फरक पडणार, असे विचारले जाते. मिनिटाला केवळ एक लिटर गार पाणी शिरले, तरी रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात ते ३६० लिटर होते. आंघोळीची २० लिटरची बादली ४० अंशांवर आणण्यासाठी ६० अंशांचे १० लिटर आणि २० अंशांचे १० लिटर पाणी लागते, म्हणजे हा छत्तीस बादल्यांचा हिशेब झाला. तेवढे पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १७ युनिट उष्णता लागते. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो असे धरले, तरी रोज साडेपाच युनिटांहून अधिक वीज संकुलाच्या सामायिक बिलात वाढते आणि ती वापर न करणाऱ्यांनाही भरावी लागते.

या कारणासाठी आम्ही प्रत्येक सदनिकेच्या गरम लाइनवर डक्टमध्येच एनआरव्ही (पाणी उलट दिशेने जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवतो आणि आमच्या अंदाजपत्रकात तो वेगळा दाखवतो. काही समित्या खर्च वाचवण्यासाठी तो वगळण्यास सांगतात, परंतु आम्ही त्यास तयार होत नाही. एनआरव्ही असला की गार पाणी सामायिक लाइनमध्ये जात नाही आणि ज्या घरात दोष असेल त्याच घराला त्याचा त्रास होतो, जे न्यायाचेच आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्याने एनआरव्ही अडकतो, म्हणून वर्षातून एकदा तो उघडून साफ करणे आमच्या वार्षिक देखभाल करारात समाविष्ट आहे. वरच्या मजल्यांना जास्त दाब हवाच असेल, तर गरम पाणी सोसणारा पंप गरम लाइनवरही बसवून दोन्ही दाब सारखे ठेवता येतात. हे काम आम्ही करून देतो. घरातील मिक्सरमुळे झालेल्या तक्रारीसाठी मात्र आम्ही भेटीचे शुल्क घेतो. काहींना हे रुचत नाही, पण माणसाची अर्धी सकाळ डक्टमध्ये व्हॉल्व्ह चाचपण्यात जाते आणि तेवढ्यात दुसऱ्या संकुलाची खरीखुरी तक्रार खोळंबते.

टाकीचे तापमान आम्ही ६० अंशांवर ठेवतो. त्याखाली बराच काळ साठलेल्या कोमट पाण्यात लीजनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, तर त्याहून फार वर नेल्यास क्षार अधिक जमतात आणि हीट पंपाची कार्यक्षमता घटते. पाणी पाइपांत फिरते ठेवणारी रिंग लाइन आम्ही पहाटे आणि सकाळीच चालवतो, कारण ती दिवसभर चालवली तर पाइप विनाकारण उष्णता सोडत राहतात. त्यामुळे दुपारी पहिले काही लिटर गार येणारच, ते बादलीत धरून इतर कामाला वापरावे.

शेजारच्या इमारतीही याच यंत्रणेला जोडता येतील का, अशी विचारणा अलीकडे वाढली आहे. एका जागी उष्णता तयार करून पाइपांनी घरोघर पोहोचवणे नवे नाही. डेन्मार्कमध्ये जवळपास दोन-तृतीयांश घरे अशी तापवली जातात आणि गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एकाच केंद्रातून इमारतींना वातानुकूलनासाठी थंड पाणी पुरवले जाते. आपल्याकडे घरे तापवण्याची गरज नाही, गरज आंघोळीच्या पाण्याची आहे. इमारती एकमेकींलगत असतील, तर सामायिक यंत्रणा फायद्याची ठरते, कारण सर्वजण एकाच वेळी आंघोळीला जात नाहीत आणि एक हीट पंप बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. मात्र पाइप लांबले की वाटेतच उष्णता जाते, त्यामुळे अंतर जास्त असल्यास, मोठे काम हातचे जात असले तरी, आम्ही इमारतीगणिक स्वतंत्र यंत्रणाच सुचवतो. पाहणी आणि अंदाजपत्रक विनामूल्य आहे.

पुणे महापालिका सोलर बसवलेल्या मिळकतींना करात सवलत देते, परंतु यंत्रणा चालू स्थितीत असणे आवश्यक असल्याने देखभालीच्या नोंदी समितीने जपून ठेवाव्यात. तक्रार नोंदवताना इमारत, मजला, वेळ, घरात प्रेशर पंप किंवा गिझर आहे का आणि वर सांगितलेल्या चाचणीत नळ कोरडा पडला की वाहत राहिला, एवढे कळवावे. ही माहिती हाती असल्यास कोणाच्या घरी जायचे की थेट गच्चीवर, हे आम्हाला निघण्यापूर्वीच ठरवता येते.