पदवीचे क्रेडिट कुठे अडतात: विषय निवड, एबीसी आयडी आणि लागणारी कागदपत्रं

कॉलेज रोडला आमचं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. फॉर्म भरताना पोरं घाईत असतात. तोच फॉर्म परत आला की मात्र स्टूल ओढून बसतात आणि विचारतात, "दादा, नेमकं चुकलं काय?" परत आलेल्या फॉर्मांत मार्क कमी पडलेत किंवा फी थकलीय असं क्वचितच निघतं. क्रेडिट, म्हणजे विषयाला मिळणारे श्रेयांक, भलत्या कप्प्यात पडलेलं असतं, नाहीतर कागदोकागदी नाव वेगळं असतं.

आधी हे कोणाला लागू ते पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ज्यांनी २०२४-२५ पासून बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला, त्यांना नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आहे. त्याआधीच्यांना त्यांचा जुना पॅटर्न. स्वायत्त कॉलेजात तक्ता कॉलेजचा स्वतःचा असतो, तेव्हा शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा तक्ता मोबाइलवर दाखवून "त्याला चाललं, मला का नाही" असं खिडकीवर भांडू नका. त्याचं त्याला, तुमचं तुम्हाला.

बेरीज बरोबर, कप्पा चूक

एका सत्राला २२ क्रेडिट, सहा सत्रांचे १३२. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि घोळही इथूनच सुरू होतो. पदवी नुसत्या १३२ वर मिळत नाही. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे व्हीएससी आणि एसईसी, भाषेचं एईसी, मूल्यशिक्षणाचं व्हीईसी, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी खाती आहेत आणि प्रत्येक खात्याचा वाटा ठरलेला आहे. मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी शिगोशीग भरली म्हणून हळदीची वाटी आपोआप भरत नाही, तसंच हे.

सगळ्यात जास्त फॉर्म ओपन इलेक्टिव्हवर परत येतात. हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयातच तसं आहे. बीएस्सीचा मुलगा "आपल्यातलाच आहे, सोपा जाईल" म्हणून विज्ञानातला पेपर टाकतो, संगणक तो मुकाट्याने घेतो आणि छाननीत लाल शेरा बसतो. फॉर्म सबमिट झाल्याचा मेसेज आला म्हणजे विषय मंजूर झाला असं नाही, हे पोरांना सांगून माझी जीभ झिजली. खरं तर चुकीचा पर्याय यादीत दिसायलाच नको. पण यादी बनवणारा आणि छाननी करणारा यांची गाठ बहुधा पडत नसावी.

दुसरा घोळ मेजरचा. आपण पूर्वी ज्याला "स्पेशल" म्हणायचो, त्याची जागा आता मेजरने घेतलीय. बीए, बीएस्सीला पहिल्या वर्षी तीन विषय घेता, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर आणि तिसरा सुटतो. लोकांना वाटतं, मेजर दुसऱ्या वर्षी निवडायचा. निवड खरी होते ती पहिल्या वर्षीच्या प्रवेशाच्या दिवशी, कारण त्या तिघांबाहेरचं नंतर काही मिळत नाही. मागच्या जूनमध्ये एक मुलगी आली होती. मानसशास्त्रात एमए करायचं तिच्या मनात पक्कं होतं, आणि पहिल्या वर्षी मैत्रिणींबरोबर बसता यावं म्हणून तिने तो विषयच घेतला नव्हता. तिला काय सांगणार?

म्हणून प्रवेशाच्या वेळी दोनच प्रश्न विचारा. हा विषय तुमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून शिकवतात का? आणि त्याला जागा किती? काही ठिकाणी विषय पहिल्या वर्षाला असतो, पुढे शिकवायला माणूस नसतो.

प्रत्येक वर्गाला एक मेंटॉर नेमलेला असतो. सल्ला द्यायचं काम त्याचं, पण एकेकाकडे वर्गच्या वर्ग, त्यामुळे ते रांगेत सह्या करतात आणि दोष पूर्ण त्यांचा नसतो. तुम्ही एक करा. कोऱ्या ए-फोर कागदावर उभी खाती आणि आडवी सहा सत्रं आखा, मिळालेले क्रेडिट शाईने आणि पुढचे पेन्सिलने भरा. तो कागद समोर ठेवला की मेंटॉरची नजर रिकाम्या चौकोनावरच जाते. "सर, सही द्या" म्हणून कोरा फॉर्म पुढे केलात तर सहीच मिळेल.

एबीसी आयडी आणि तुमचं नाव

एबीसी म्हणजे क्रेडिटची बँक, २०२१ पासूनची. आयडी १२ अंकी, डिजिलॉकरमधून पाच मिनिटांत निघतो. शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात अपार आयडी (सरकारचा विद्यार्थी ओळख क्रमांक) निघाला असेल तर तोच चालतो, दुसरा काढत बसू नका. क्रेडिट जमा करतं विद्यापीठ. मार्कशीट स्कॅन करून तुम्ही स्वतः काही चढवू शकत नाही, तसं करून देतो म्हणणाऱ्याला पैसेही देऊ नका.

पाच मिनिटांचं काम दोन महिने का लांबतं? पहिलं कारण मोबाइल. आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या जुन्या फोनचा असतो आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. ओटीपी येणार कुठे? सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची मुलं यासाठी एसटीने नाशिकला हेलपाटे घालतात, दिवस मोडतो. त्यांनी गावच्या पोस्टमनला विचारावं. आधारचा मोबाइल नंबर बदलून द्यायची सेवा पोस्टाची पेमेंट बँक पोस्टमनमार्फतही देते. हे कोणी नोटीस बोर्डावर लावत नाही.

दुसरं कारण नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढ्यावर सहसा अडत नाही. अडतं ते इंग्रजी स्पेलिंगवर. दीपकच्या एका कागदावर दोन ई असतात, दुसऱ्यावर एक आय. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. बारावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार तिच्याप्रमाणे करून घ्या, उलटं करायला गेलात तर बोर्डाच्या फेऱ्या सुरू होतात. जन्मतारीखही त्याच वेळी ताडून पाहा.

मुलींसाठी एक सांगणं. शिक्षण चालू असताना लग्न झालं की सासरची मंडळी कौतुकाने लगेच आधारवर नाव बदलून आणतात. मग परीक्षेच्या फॉर्मवर एक नाव, एबीसीवर दुसरं. जमलं तर पदवी हातात येईपर्यंत आधार जसं आहे तसं राहू द्या. बदललंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत काढून ठेवा. नुसत्या लग्नपत्रिकेवर काम होत नाही. लोक खरंच पत्रिका घेऊन येतात, अक्षता चिकटलेली.

कोणाकडेच नसलेला कागद

वडिलांची बदली झाली, मुंबईचं कॉलेज सोडून मुलगा नाशिकला दुसऱ्या वर्षात आला. टीसी आहे, मार्कशीट आहेत, मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आहे, तरी पात्रता विभाग अर्ज परत पाठवतो. कारण समकक्षतेसाठी जुन्या विद्यापीठाचा साक्षांकित अभ्यासक्रम लागतो. मार्कशीटवर विषयाचं नाव आणि क्रेडिट असतात, आत काय शिकवलं ते नसतं. इथले लोक जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषय जुळतो का पाहतात आणि मगच क्रेडिट धरतात.

हा कागद विद्यार्थ्याकडे कधीच नसतो. असायचं कारणही नसतं. जुन्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते, पण ती तुम्ही शिकलात त्या वर्षीची हवी, आजची नको. छापून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडून पानोपानी शिक्का घ्यावा लागतो. तेव्हा कॉलेज सोडायच्या दिवशीच, टीसी घेताना, हेही काम उरकून घ्या. नंतर तिथला बाबू ओळख देत नाही. मायग्रेशन मूळ प्रतच जमा होते, आधी दोन झेरॉक्स काढा. महाराष्ट्र बोर्डातून बारावी केलेल्यांना पहिल्या वर्षाला मायग्रेशन लागत नाही, सीबीएसई आणि बाहेरच्या बोर्डांच्या मुलांना लागतं. बाकी कागद नेहमीचे.

तारखा

परीक्षेच्या परिपत्रकात दोन तारखा असतात: विद्यार्थ्याने फॉर्म भरायची, आणि कॉलेजने विद्यापीठाकडे इनवर्ड, म्हणजे जमा करायची. दुसरी चार-पाच दिवस पुढची असते, आणि पोरांच्या ग्रुपवर नेमकी तीच फिरते. मग विलंब शुल्क, आणि नंतर अतिविलंब शुल्क.

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर तर दरवर्षी कोणी ना कोणी फसतो. तिथला कोर्स करून क्रेडिट आणता येतात. कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे, परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची तारीख वेगळी आणि तिला फी आहे. व्हिडिओ पाहिले, असाइनमेंट दिल्या, परीक्षेची नोंदणी राहिली, की क्रेडिट शून्य. आणखी एक: कोर्स कोणत्या खात्यात धरणार हे कॉलेजकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. प्रमाणपत्र आणल्यावर विचारलंत तर "आमच्या यादीत नाही" एवढंच उत्तर मिळतं.

पहिल्या वर्षाचे विषय राहिले असतील तर तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडतो, हे एटीकेटीवाल्यांनी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांनी, दुसऱ्या वर्षीच ध्यानात घ्यावं.

ऑन जॉब ट्रेनिंग

चार क्रेडिट, १२० तास. सातपूर, अंबडला कारखाने आहेत, सीएंची ऑफिसं आहेत, जागा शोधली की मिळते. नाकारलं जातं ते पत्र. मामाच्या दुकानाच्या लेटरहेडवर "मुलगा होतकरू आहे" असं लिहून आणतात, त्यात तासांचा उल्लेखच नसतो. पत्रात कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, काम काय केलं आणि सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. सोबत रोजची हजेरी. कॉलेजच्या परवानगी पत्राची तारीख कामाच्या पहिल्या दिवसाआधीची असू द्या, उलट झाली तर सगळे तास पाण्यात.

मध्येच सोडायचं असेल, किंवा चौथं वर्ष हवं असेल

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. पण ४४ क्रेडिट झाले की लगेच प्रमाणपत्र असं नाही, त्यावर कौशल्याचे किंवा इंटर्नशिपचे चार क्रेडिट जादा लागतात. परत यायला तीन वर्षं, एकूण पदवीला सात. एका पदवीसाठी वापरून झालेलं क्रेडिट दुसरीकडे पुन्हा चालत नाही. त्यामुळे जोडीने गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून दुसरी पदवी करणाऱ्यांनी (२०२२ पासून अशी परवानगी आहे) तेच क्रेडिट दोन्हीकडे दाखवू नये.

चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी सगळ्यांना लागतेच असं नाही. एमपीएससीला तीन वर्षांची पदवी पुरते. संशोधनासह ऑनर्स हवी तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि ती सोय तुमच्या कॉलेजात आहे का हेही पाहावं लागतं. चौथ्या वर्षाचा फायदा असा की पुढे एमए, एमएस्सी एका वर्षात होते.

विषय बदल, नावदुरुस्ती, समकक्षता, कोणताही अर्ज असो, दोन प्रती न्या. एक आत द्या, दुसरीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि गोल शिक्का घ्या. "ठेवून जा, साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर बाहेरच्या बाकावर बसा, पण शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.