रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं तर कुणाला कळवायचं, काय सांगायचं आणि कागद कधी लागतात

सगळ्यात आधी हे सांगते, कारण लोकं इथेच अडतात. रस्त्यावर पडलेलं बेवारस जनावर उचलून न्या म्हणून सांगायला फॉर्म लागत नाही, फी नाही, आधार कार्ड नाही, तुम्ही त्या गावचे असायची पण गरज नाही. नाव आणि मोबाईल नंबर दिला की झालं. "फोन केला तर आपल्यावरच येईल" ही भीती खूप जणांना असते, पण नुसतं कळवणाऱ्यावर काही येत नाही. तुमच्याच गाडीखाली आलं असेल तर मात्र निघून जाऊ नका, ११२ ला कळवा. मुद्दाम जनावर मारणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, अपघात ही वेगळी गोष्ट आणि तो लगेच कळवलेला असला की पुढे बोलायला सोपं जातं.

मग पहिला प्रश्न, रस्ता कुणाचा? शहरात असाल तर महापालिका नाहीतर नगरपालिका, त्यांचा घनकचरा किंवा आरोग्य विभाग. मुंबईत १९१६ लावा, बाकी शहरांत पालिकेची हेल्पलाईन किंवा सरळ वॉर्ड ऑफिस, आणि भागातल्या सफाई कामगारांच्या मुकादमाचा नंबर सोसायटीत कुणाकडे तरी असतोच, तो सगळ्यात लवकर कामाला येतो. स्वच्छता ॲपमध्ये तर मेलेल्या जनावराची वेगळी कॅटेगरीच दिलीय, फोटो काढा, लोकेशन जातं, तक्रार नंबर येतो. गावात असेल तर ग्रामपंचायत, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा सरपंच. नॅशनल हायवेवर १०३३. टोलच्या रस्त्यावर टोल नाक्याला सांगितलं तरी चालतं, त्यांची पेट्रोलिंगची गाडी फिरत असते.

रस्ता नक्की कुठला हे कळत नसेल तर कडेचा किलोमीटरचा दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं. दगडावरचा आकडा पण टिपून घ्या कारण फोनवर "घाट उतरल्यावर डाव्या हाताला" एवढ्यावर गाडी येत नाही. शहरात विजेच्या खांबाचा नंबर, बस स्टॉपचं नाव, समोरच्या दुकानाची पाटी असलं काहीतरी सांगा. जनावर कुठलं आणि केवढं हे पण सांगाच, कुत्रं-मांजर असेल तर दोन माणसं आणि छोटी गाडी पुरते, म्हैस किंवा बैल असेल तर जेसीबी नाहीतर क्रेन लागते, आणि हे आधी सांगितलं नाही तर छोटी गाडी येऊन बघून परत जाते आणि अजून अर्धा दिवस जातो.

हद्दीवरच्या रस्त्यांचा फार त्रास आहे. दोन पालिकांच्या मधल्या एका सर्व्हिस रोडवर एक कुत्री मरून पडली होती, एका ऑफिसने सांगितलं तो भाग पलीकडच्यांचा, पलीकडच्यांनी सांगितलं अलीकडच्यांचा, आणि तोवर गाड्या तिच्यावरून जातच होत्या, बाजूला तिची पिल्लं. शेवटी खांबाचा नंबर दिसेल असा फोटो आणि लोकेशन दोन्हीकडे एकाच वेळी पाठवलं, दोन्ही तक्रार नंबर एकमेकांना कळवले, तेव्हा संध्याकाळी गाडी आली. म्हणून म्हणते, तोंडी सांगून थांबू नका, नंबर घ्याच.

गाडी येईपर्यंत रस्त्यावरची काळजी घ्या. रात्री टू-व्हीलरवाला जनावरावर आदळून पडतो, त्यामुळे आपली गाडी पूर्ण कडेला घेऊन इंडिकेटर चालू ठेवा. हायवेवर लेनमध्ये उतरून ओढत बसू नका, जीव जाईल. उघड्या हाताने हात लावू नका, कुत्र्याची लाळ तर अजिबात नाही.

जंगली प्राणी असेल तर सगळंच बदलतं. बिबट्या, हरीण, कोल्हा, मोर काहीही असो, पालिकेला नाही तर वनखात्याला कळवायचं, नंबर १९२६. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता असते. मेलेल्या मोराची पिसं उचलली, साळिंदराचे काटे घेतले, हे लोकांना साधं वाटतं, पण असं काही तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवून जमा करायचं असतं. लांबून फोटो काढा, हलवू नका, वनरक्षक येऊन पंचनामा करतात.

आता कागद कुठे लागतात ते. जनावर मालकाचं असेल तिथे. गायी-म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर. तो दिसला तर त्याचा क्लोज फोटो काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, त्यावरून मालक सापडू शकतो. एखाद्या शेतकऱ्याची दुभती गाय अशी गेलेली असते आणि त्याला दोन दिवस पत्ता नसतो, तोवर जनावर पुरलेलं असतं आणि विम्याचा क्लेम हातचा जातो. विम्याला बिल्ला, पॉलिसी, डॉक्टरांचा शवविच्छेदन दाखला आणि फोटो लागतात, म्हणून मालकाने आधी विमा कंपनीला कळवायचं आणि मगच विल्हेवाट.

बिबट्याने किंवा वाघाने मारलेलं जनावर असेल तर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवायचंच नाही आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. अर्जासोबत पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स जोडा. २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस, बैलासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यातली कमी असेल ती रक्कम, शेळी-मेंढीसाठी ७५ टक्के किंवा १५ हजार यातली कमी.

घरचं कुत्रं-मांजर गेलं तर रस्त्यावर किंवा कचराकुंडीत टाकू नका प्लीज. मुंबईत मालाडला पालिकेची लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दहनाची सोय २०२३ पासून आहे. जाताना कुत्र्याचं लायसन्स, पत्त्याचा पुरावा आणि डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा.

एकाच ठिकाणी बरेच कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर कुणालाही उचलू देऊ नका, आधी पशुसंवर्धन विभागाला कळवा. उदगीरला जानेवारी २०२५ मध्ये कावळे असेच मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. गुराच्या नाकातोंडातून काळसर रक्त येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा, कातडं सोडवायचं नाही, फाडायचं नाही, दवाखान्यातून डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांनाही जवळ येऊ देऊ नका. लम्पीच्या साथीत आठ फूट खोल खड्डा आणि चुना टाकून पुरा असं सांगितलं होतं, तो खड्डा विहिरी-ओढ्यापासून लांबच हवा.

एवढं करून दुसऱ्या दिवशीही जनावर तिथेच असेल तर जुना तक्रार नंबर आणि नवा फोटो घेऊन वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या, आणि राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवर तीच तक्रार दोन्ही फोटो जोडून टाका.