कॉम्प्युटर अडला की बोलवायचं कुणाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतल्या महिलांना ई-केवायसी करायला सांगण्यात आलं. कागदावर काम पाच मिनिटांचं. संकेतस्थळ उघडायचं, आधार क्रमांक भरायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. प्रत्यक्षात दोन महिन्यांची मुदत पुरली नाही, ती वाढवावी लागली. कुणाचा आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, कुणाचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, कुणाच्या घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलाच्या खिशात आणि मुलगा कामावर. या बायकांनी मदत कुणाकडे मागितली? भाच्याकडे, रिचार्जच्या दुकानात, सेतू केंद्रात, अंगणवाडीच्या ताईंकडे. ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. तिला चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

यंत्र बिघडलं की माणूस घरी येतो, ही आपल्याकडची सवय कॉम्प्युटरच्याही आधीची. शिलाई मशीनवाला यायचा, रेडिओवाला यायचा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि टीव्ही मेकॅनिक हा गल्लीतला महत्त्वाचा माणूस झाला. तो जमिनीवर बसायचा, मागचं झाकण काढायचा आणि घरातली मुलं भोवती कोंडाळं करायची. १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणून आयातीवरचे निर्बंध आणि शुल्क सैल केलं. त्यानंतर कार्यालयांत, मग हळूहळू घरांत कॉम्प्युटर शिरू लागले. ते दुरुस्त करायला वेगळी जमात आकाशातून उतरली नाही. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले, कॅल्क्युलेटर आणि टीव्ही उघडून हात बसलेले तरुणच त्याकडे वळले.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पुण्याचं आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्ती शिकले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. पुढे ते कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बिघाड कमी आणि फ्लॉपीवाटे शिरलेले व्हायरसच जास्त, असं दिसू लागल्यावर कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय यांनी, व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. क्विक हील हे अँटिव्हायरस त्यातून उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. मला या गोष्टीत उद्योजकतेपेक्षा एक वेगळीच बाब मोलाची वाटते. गिऱ्हाइकाचं दुखणं नेमकं काय आहे, हे दुरुस्तीच्या टेबलावर कळलं.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे त्या काळात बहुधा ‘असेंबल्ड’. कंपनीचा तयार कॉम्प्युटर महाग पडायचा. मग मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, वीज पुरवणारा एसएमपीएस असे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे आणि जोडून घ्यायचे. या रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव बाजाराच्या तोंडून गेलं नाही. पुणेकरांचे पाय तपकीर गल्लीच्या परिसराकडे वळायचे. असेंबल्ड यंत्राची खुबी अशी की प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, पण सगळ्या यंत्राची जबाबदारी कुठल्याच कंपनीवर नाही. ज्याने जोडून दिलं, तोच त्याची वॉरंटी. त्यातली विंडोजही बऱ्याचदा नकली सीडीवरून चढवलेली, म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीचं दारही बंद. राहिला तो ओळखीचा ‘कॉम्प्युटरवाला’. त्याचा नंबर टेलिफोनच्या डायरीत ‘क’ खाली लिहिलेला असायचा आणि त्याला फोन गेला की ‘संध्याकाळी येतो’ हे उत्तर ठरलेलं.

तो आला की काय करायचा? कॅबिनेट उघडून धूळ फुंकायचा. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं शाळेच्या खोडरबराने घासायचा आणि पुन्हा बसवायचा. निम्मे बंद पडलेले कॉम्प्युटर एवढ्यावर सुरू व्हायचे, कारण आपल्या दमट हवेत त्या टोकांवर चढलेला थर हाच पुष्कळदा खरा बिघाड असे. पॉवर अचानक गेल्याने विंडोज बिघडलेली असे, आणि २००० नंतरच्या दशकात भारनियमन रोजचंच होतं. त्यामुळे यूपीएसची बॅटरी बदलणं हेही त्याचंच काम. आणि काहीच चाललं नाही तर फॉरमॅट. तेव्हा तो एक प्रश्न विचारायचा: ‘सी ड्राइव्हमधलं सगळं जाईल, चालेल ना?’ घरातली माणसं मान हलवायची, आणि सी ड्राइव्ह म्हणजे काय हे दुसऱ्या दिवशी बारशाचे फोटो शोधताना कळायचं. त्याच्यावर मी राग धरत नाही. तो संध्याकाळी चार घरं फिरायचा. समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि समजावण्याचे पैसे कुणी देतही नव्हतं. व्हिजिट चार्ज दुरुस्तीचा असे, शिकवणीचा नसे.

तरीही शिकवणी व्हायचीच, कारण मध्ये भाषेची भिंत होती. पडद्यावर येणारा संदेश इंग्रजीत, आणि तोही असा की इंग्रजी येणाऱ्यालाही अर्थ लागू नये. तो वाचून ‘हे काही नाही, ओके दाबा’ असं सांगणारा माणूस दुभाष्याही होता. भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम पुण्यातच झालं. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेलं. पण घराघरांत पोहोचला तो फॉन्टचा गोंधळ. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन आणि खुणा. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, आधार मिळाला खरा, तरी गावोगावच्या डीटीपी केंद्रांत जुने फॉन्ट कित्येक वर्षं टिकले. ‘माझं मराठी दिसत नाहीये’ हे या धंद्यातलं नेहमीचं गाऱ्हाणं होतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. घरी ते घेणं महाग होतं, म्हणून सायबर कॅफे आले, आणि कॅफेचा मालक नकळत शिक्षक झाला. परदेशी गेलेल्या मुलाला पत्र धाडायला आलेल्या आजोबांचा ईमेल तोच उघडायचा, तोच टाइप करायचा. पासवर्ड गल्ल्याशेजारच्या वहीत लिहून ठेवायचा, कारण आजोबा तो विसरणार हे त्याला ठाऊक असे. आज हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल. तेव्हा ती आपुलकी होती. आपली किल्ली ओळखीच्या माणसाकडे ठेवायची, ही सवय तिथे पक्की झाली, आणि पुढे तीच महागात पडली.

सरकारनेही याच सुमारास हात घातला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. लाखो माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो या वर्गांत, मराठी पुस्तक शेजारी ठेवून. ही लहान कामगिरी नव्हे. पण शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरलं आणि वर्ग प्रामुख्याने नोकरदारांचे नि नोकरी शोधणाऱ्यांचे झाले. निवृत्त शिक्षिका किंवा घर सांभाळणारी बाई तिथे जाऊ शकत होती, मात्र अभ्यासक्रम तिच्या अडचणीपासून सुरू होत नव्हता. परीक्षा झाली की नातंही संपायचं.

दुसरी वाट सेवा केंद्रांची. आधी तहसीलमधलं सेतू केंद्र, २००६ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या योजनेतली सामायिक सेवा केंद्रं, मग महा ई-सेवा, ग्रामपंचायतीतलं संग्राम आणि पुढे आपले सरकार सेवा केंद्र. इथे काम होतं, शिकणं होत नाही. अंगठा लावायचा, शुल्क द्यायचं, पावती घ्यायची. दाखला हवा असेल तर एवढं पुरतं. पण जे काम दर महिन्याला, रात्री नऊ वाजता, आपल्याच फोनवर करायचं असतं, त्याला केंद्राची खिडकी पुरत नाही.

आणि २०१६ मध्ये नेमकं तेच झालं. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओ, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. वर्षभराच्या आत फोन हे बोलण्याचं साधन राहिलं नाही, ते पैशाचं पाकीट झालं. इथे मदतीची जुनी रीत मोडली. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत असायचा, त्याच्याभोवती चार जण बसत, आणि कॉम्प्युटरवाला सगळ्यांसमोर काम करायचा. फोन एकट्याचा असतो. तो दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे बँक, फोटो, बहिणीशी झालेलं बोलणं, डॉक्टरचे रिपोर्ट, सगळं देणं. बाईने रिचार्जवाल्याच्या हातात फोन द्यायला कचरावं यात तिची भित्रेपणाची खोड नाही, शहाणपण आहे. शिवाय मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डिस्प्ले बदलून मिळतो, चार्जिंगचा जॅक बदलून मिळतो. ‘मेमरी फुल दाखवतंय, यातलं काय काढू?’ याचं उत्तर देण्यासाठी तिथे दुसरं स्टूलच नसतं.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं. ग्रामीण भागातल्या सहा कोटी घरांतल्या प्रत्येकी एका माणसाला वीस तासांचं प्रशिक्षण द्यायचं, हे उद्दिष्ट. मार्च २०२४ मध्ये योजना संपली तेव्हा आकडा त्याच्याही पुढे गेला होता. पण तिच्या पात्रतेत एक ओळ होती, आणि ती मला आजही खुपते: वय १४ ते ६०. साठीनंतरच्या माणसाला या योजनेत जागाच नव्हती. त्यानंतर २०२१ मध्ये कोविडच्या लसीची वेळ घ्यायची तर कोविन हे नोंदणीचं संकेतस्थळ लागलं, आणि स्मार्टफोन नसलेल्यांनी काय करायचं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला सरकारला विचारावा लागला. त्या मे महिन्यात कितीतरी सोसायट्यांतली कॉलेजची मुलं जिन्यात बसून शेजाऱ्यांच्या नोंदण्या करत होती. त्यांना कुणी नेमलं नव्हतं.

परदेशातल्या किंवा बंगळुरूतल्या मुलांनी आपापला मार्ग काढलाच होता. आईवडिलांच्या यंत्रावर दूरवरून ताबा घेणारं अॅप टाकायचं, आईने पडद्यावरचे नऊ आकडे फोनवर वाचून दाखवायचे, आणि न्यू जर्सीत बसलेल्या मुलाने पुण्यातला प्रिंटर सुरू करून द्यायचा. कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. चोरांनी तीच रीत उचलली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं ते एनीडेस्क या अशाच अॅपच्या गैरवापराबद्दल: समोरचा नऊ अंकी कोड मागतो, तो दिला की फोन त्याच्या ताब्यात. जोडीला खोटे कस्टमर केअर नंबर. खरी मदत देणारा नंबर सापडत नव्हता, म्हणून लोक शोधयंत्रात दिसेल तो नंबर फिरवत होते. फसलेल्यांना आपण मूर्ख म्हणतो, तेव्हा ते मदत मागायला गेले होते, हे विसरतो. आता पैसे गेले तर १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि तो जितक्या लवकर फिरवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे जाण्याआधी ‘हे खरं आहे का?’ एवढंच विचारायला तितका ठळक नंबर नाही.

शेजारी बसून मदत करायची तर माणूस लागतो, हे सरकारला कळत नाही असं नाही. गरज पडली की ते अंगणवाडी सेविकेला पुढे करतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला तिलाच लावलं, पात्र अर्जामागे पन्नास रुपये ठरवून. पण तिच्या स्वतःच्या फोनचं काय? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं होतं. फोन कमी क्षमतेचे, सतत बिघडणारे, आणि मुलांच्या पोषणाच्या नोंदी ठेवायचं पोषण ट्रॅकर अॅप इंग्रजीत. गावाला मदत करणारीलाच मदत नव्हती. शेतकऱ्यांच्या बाबतीतही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद, राज्यभर शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली, आणि नंतर राहिलेली पाहणी पुरी करायला गावोगावी सहायक द्यावे लागले.

पोस्टमनचं उदाहरण त्यातल्या त्यात बरं. २०२० पासून पेन्शनरांचा डिजिटल हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन काढून देतो, शुल्क सत्तर रुपये. ओळखीचा माणूस, ठरलेला दर, पावती. टीव्ही मेकॅनिकच्या काळातली रीत एवढ्या एका कामापुरती परत आली. मात्र दाखला निघाला की त्याची फेरी पुढच्या घराकडे वळते.

बाकीचं काम आज ज्येष्ठ नागरिक संघांच्या आठवडी बैठकांत, वाचनालयांत, भिशीत चालतं. तिथे वह्या दिसतात. माझ्या आईचीही अशी एक दोनशे पानी वही आहे. ‘लाइट बिल’, ‘गॅस बुकिंग’, ‘फोटो पाठवणे’ अशी शीर्षकं, खाली एक-दोन-तीन करून पायऱ्या, आणि बाणाची नि कॅमेऱ्याची हाताने काढलेली चित्रं. शेजारच्या मुलीने तीन रविवार बसून ती लिहून घेतली. अॅप अपडेट झालं की बटण जुन्या जागी नसतं. मग आई ते पान पेन्सिलीने खोडते, समोरच्या कोऱ्या पानावर तारीख घालते आणि मुलगी येण्याची वाट पाहते.