रिक्लमेशन म्हणजे भराव नव्हे

मागच्या महिन्यात मोहोळ तालुक्यात सीनेकाठी मामांकडे गेलो होतो. तिथं जुन्या वाळूउपशाचा एक डबरा आहे, वाळू कधीच गेली पण चाळणीवरचे गोटे आणि गाळ काठावर ढीग करून तसेच टाकलेत, आणि इतक्या वर्षांत त्या डबऱ्यात पाणी टिकायला लागलंय, कडेनं पाणकणीस माजलंय, लाल पायांच्या शेकाट्या चिखलात चोची खुपसत फिरत होत्या. आता ते गोटे उचलायचं चाललंय आणि बोलण्यात ‘रिक्लमेशन’ हा शब्द आलाय. मामा म्हणाले, "अरं रिक्लमेशन म्हंजे भराव की, मुरूम टाकून सपाट करायचं आन मोकळं व्हायचं."

मामांची चूक नाही. आपण हा शब्द मुंबईकडून ऐकला, बांद्रा रिक्लमेशन वगैरे, तिथं अर्थच तो, पाण्यात भराव टाकून जमीन मिळवायची. पण खाणीच्या कामात अर्थ जवळजवळ उलटा आहे. खोदून झाल्यावर ती जागा परत धड करणं, उभ्या कडा उतरत्या करणं, बाजूला ठेवलेली वरची माती परत पसरणं, गवत-झाडं लावणं, आणि तिथं पाणी राहणंच बरं असेल तर ते नीट राखणं. म्हणजे रिक्लमेशन करून पाणथळ जागा तयारसुद्धा होते!

कॅलिफोर्नियात युबा नदीकाठी मामांकडच्यासारखंच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसतं. सोन्यासाठी ड्रेजरनी, म्हणजे गाळ उपसणाऱ्या मोठ्या यंत्रांनी, नदीकाठ उलथापालथा केला, गोट्यांचे डोंगर राहिले, मधल्या खळग्यांत तळी झाली. आता तेच गोटे खडीसाठी काढतात. तिथं दोन वेगळे कागद लागतात. पाण्यात किंवा पाणथळीत भराव पडणार असेल तर अमेरिकेच्या 1972 च्या क्लीन वॉटर ॲक्टच्या (पाणी स्वच्छ राखण्याच्या कायद्याच्या) कलम 404 चा परवाना, तो आर्मी कोअर, म्हणजे तिथल्या लष्कराचं अभियंता दल देतं. आणि राज्याच्या 1975 च्या कायद्याखाली रिक्लमेशन प्लॅन, तो काम सुरू करायच्या आधीच मंजूर हवा आणि त्याच्या खर्चाची हमीही आधीच द्यावी लागते. एक मिळाला म्हणून दुसरा सुटत नाही. आणि लोक इथंच फसतात, रिक्लमेशनच्या नावाखाली तळं बुजवायचं म्हटलं तर त्या बुजवण्यालाच 404 लागू शकतो.

आपल्याकडं 2017 चे पाणथळ नियम आहेत, त्यात अधिसूचित पाणथळीत भराव, अतिक्रमण चालत नाही. पण नदीचं पात्र आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्या व्याख्येतच नाहीत, म्हणून रोहित पक्षी येतात ती आपली उजनीसुद्धा त्यात बसत नाही. मला हे फार खटकतं. मग आपल्या हातात राहतो तो गौण खनिजाचा (वाळू, मुरूम, दगड वगैरेंचा) परवाना आणि वाळूचा ठेका असेल तर पर्यावरण मंजुरी, 2012 ला सुप्रीम कोर्टानं दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्यांनाही ती लागेल असं सांगितलं. डबरा कसा सोडणार हे त्या अटींमध्येच लिहून घ्यावं लागतं.

मामांना म्हटलं, ग्रामसभेत तीनच गोष्टी विचारा. कडांचा उतार किती ठेवणार, वरची माती कुठं साठवणार, आणि पाणकणसाचा तो कोपरा तसाच राहणार का. ते म्हणाले, "कागदावर लिहून दे, तलाठ्याला पण दाखवतो." तिथंच ओट्यावर बसून लिहून दिलं.